महापालिकेच्या इमारतीतला दुसरा दरवाजा

मार्चअखेरीला सोलापुरातल्या कुठल्याही विभागीय कार्यालयात जा. मिळकत कर भरणाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत आलेली असते. एका खिडकीशी जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची गर्दी, व्हरांड्यात नळजोडणीच्या तक्रारी घेऊन बसलेली म्हातारी माणसं. ही सगळी माणसं एकाच दरवाजाने आत येतात आणि त्याच दरवाजाने बाहेर पडतात. अशा इमारतींना मागच्या बाजूला बहुधा दुसरा दरवाजा असतो, पण त्याला चॅनेल गेट असतं आणि गेटला कुलूप. किल्ली कुणाकडे विचारलं की उत्तर ठरलेलं: "शिपायाकडे असते, आज तो रजेवर आहे."

महापालिकेच्या इमारतींच्या सुरक्षेविषयी बोलायचं तर त्या कुलपापासूनच सुरुवात करावी लागते. सार्वजनिक इमारत सांभाळणाऱ्याला दोन कामं एकाच वेळी करायची असतात. नको तो माणूस नको त्या खोलीत शिरता कामा नये, हे एक. आत काही पेटलं, कोसळलं, फुटलं तर आतला प्रत्येक माणूस काही मिनिटांत बाहेर पडला पाहिजे, हे दुसरं. पहिल्या कामाला दार बंद लागतं, दुसऱ्याला उघडं. सरकारी कारभारात पहिलं कामच जिंकतं, आणि त्याला कारण आहे. चोरी किंवा फाइल गायब होणं वर्षा-दोन वर्षांनी घडतं, त्याची चौकशी लागते, कुणाची तरी वेतनवाढ रोखली जाते. दार बंद ठेवलं म्हणून कुणाला नोटीस आल्याचं सहसा ऐकू येत नाही. म्हणून कुलूप लावणारा माणूस मूर्ख नसतो. त्याला ज्या गोष्टीचा जाब विचारला जातो, तिचाच तो बंदोबस्त करतो.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. इथे पाणी उजनीहून येतं, पण नळाला रोज येत नाही, त्यामुळे महापालिकेवर घागर मोर्चा ही शहराला नवी गोष्ट नाही. मोर्चा आला की कुठल्याही कार्यालयात पहिली हालचाल होते ती मुख्य गेट ओढून घेण्याची. समजण्यासारखं आहे. पण त्या क्षणी आत दाखल्यासाठी आलेली शे-दोनशे माणसं असतात, मागचं दार आधीच बंद असतं, आणि आता पुढचंही बंद. नेमक्या त्याच अर्ध्या तासात वरच्या मजल्यावरच्या एसीने पेट घेतला तर काय, हा प्रश्न बंदोबस्ताच्या कागदात लिहिलेला असायला हवा.

आग म्हटलं की डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. इमारतीतल्या आगीत मात्र बहुतेक बळी धुराचे असतात. फोम, रेक्झिन, वायरींचं प्लास्टिक, सनमायका जळताना कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू निघतात आणि माणूस ज्वाळा दिसायच्या आधीच गुंगतो. गरम धूर वर चढतो, छताखाली साठतो आणि तिथून खाली उतरत येतो. म्हणून धुरात वाकून, जमिनीलगत चालायला सांगतात. गुडघ्याच्या उंचीवर अजून श्वास घेता येईल अशी हवा शिल्लक असते. उघडा जिना असेल तर तो गिरणीच्या धुराड्यासारखं काम करतो: तळमजल्यावरचा धूर वरच्या मजल्यावर पोचतो आणि ज्या वाटेने उतरायचं तीच वाट बुजते. दुसरा जिना लागतो तो यासाठी. तो पहिल्यापासून लांब हवा आणि त्याच्या तोंडाशी आपोआप मिटणारं, धूर अडवणारं दार हवं. दोन्ही जिने एकाच डक्टशेजारी, म्हणजे पाइप-वायरींसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीशेजारी, काढले तर कागदावर दोन असतात, धुराच्या दृष्टीने एकच.

आता थोडं गणित. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत दारांची रुंदी माणसांच्या हिशेबाने काढतात. सभागृहातून सपाट वाटेने बाहेर पडायला माणशी ६.५ मिलिमीटर, जिन्यासाठी माणशी १० मिलिमीटर. म्हणजे ५०० माणसांच्या सभागृहाला ५०० गुणिले ६.५, एकूण ३,२५० मिलिमीटर दार हवं. सभागृहाचं दार २ मीटरपेक्षा अरुंद नको, असंही संहिता सांगते. तेव्हा २ मीटरची दोन दारं ठेवली की हिशेब जुळला. आता त्यातलं एक कुलूपबंद धरा. उरलेल्या २ मीटरच्या दारातून सुमारे ३०० माणसांची सोय होते. राहिलेली २०० माणसं त्याच दारावर रेटा देतात, आणि तिथे पडलेल्या पहिल्या माणसावर बाकीचे पडतात.

हे नुसतं कागदी गणित नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली. आग खाली ट्रान्सफॉर्मरला लागली होती, माणसं वर बाल्कनीत गुदमरून मेली, कारण जास्तीच्या खुर्च्या बसवताना बाहेर पडायच्या वाटा अडवल्या होत्या. हुतात्मा स्मृतिमंदिरासारख्या नाट्यगृहात प्रयोगाला जाल तेव्हा बसण्यापूर्वी एक नजर बाजूच्या दारांकडे टाका: ती बाहेरच्या दिशेने उघडतात का, पुढे जास्तीच्या खुर्च्या मांडल्या आहेत का, पडद्याआड कडी लावलेली आहे का. ही सवय सोलापूरपुरती नव्हे, कुठल्याही नाट्यगृहात आणि मंगल कार्यालयात उपयोगी पडते.

मग चोरीचं काय? कुलूप काढलं तर मागच्या दाराने कुणीही येईल, ही भीती खरी आहे. त्यावरचा इलाज जुना आणि स्वस्त आहे, फक्त आपल्याकडे त्याची सवय नाही. दाराला आतल्या बाजूने आडवी दांडी बसवतात, तिला पॅनिक बार म्हणतात. आतून छातीने रेटलं तरी दार उघडतं, बाहेरून मात्र ते बंदच राहतं, किल्लीशिवाय आत येता येत नाही. दांडी दाबली की भोंगा वाजेल अशी जोडणी केली तर कुणी उगाच उघडणार नाही. एका दाराचा खर्च काही हजारांचा, म्हणजे एका स्वागत कमानीपेक्षा कमी. जिथे विजेवर चालणारं चुंबकी कुलूप असतं तिथे एकच अट: वीज गेली किंवा आगीची घंटा वाजली की ते आपोआप सुटलं पाहिजे. उलट बसवलेली कुलपंही असतात, वीज गेली की घट्ट बसणारी. ती तिजोरीच्या खोलीला ठीक, माणसं बसतात तिथे नाही.

आग लागते कशाने? कार्यालयात बहुतेक वेळा विजेने. आणि विजेच्या बाबतीत सोलापूरचा मे महिना निर्दयी असतो. पारा ४४-४५ अंशांवर गेला की प्रत्येक केबिनमध्ये एसी, प्रत्येक टेबलाशी कूलर. जुन्या इमारतींमधल्या वायरी ट्यूबलाइट आणि पंख्यांच्या हिशेबाने टाकलेल्या असतात. दीड टनाचा एक एसी ७-८ अँपिअर ओढतो. वायरीतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. त्यात बाहेरची हवाच तापलेली, म्हणून वायर थंडही होत नाही. सगळ्यात वाईट जागा म्हणजे सैल जोड, पिन नीट न बसलेलं सॉकेट. तिथे ठिणगी पडत राहते, प्लास्टिक करपतं, जळका वास येतो आणि कुणीतरी खिडकी उघडून टाकतं.

भार वाढला की एमसीबी, म्हणजे आपोआप वीज तोडणारा स्विच, पडतो, म्हणजे तो आपलं काम करतो. त्यावर कार्यालयीन उपाय ठरलेला: वायरमनला बोलवा, मोठा एमसीबी बसवा. आता एमसीबी पडत नाही आणि भिंतीतली वायर तापत राहते. एमसीबी वायरीच्या ताकदीनुसार निवडायचा असतो, साहेबांच्या एसीनुसार नव्हे. शाळा आणि दवाखान्यात याखेरीज आरसीसीबी हवा, म्हणजे वीज कुठे गळू लागली की ३० मिलिअँपिअरलाच ती तोडणारा डबा. वॉटर कूलरच्या पत्र्यात करंट उतरला आणि ओल्या हाताच्या मुलाने नळ धरला, तर जीव वाचवतो तो हा छोटा डबा. त्यावर चाचणीचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून पाहायचं. दाबलं आणि वीज गेली नाही, तर डबा निकामी.

पेटायला काहीतरी लागतं, आणि महापालिकेत ते भरपूर असतं: कागद. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेली आग आठवा. दुपारी, कामाच्या वेळेत, चौथ्या मजल्यावर सुरू झाली, वर चढली, पाच माणसं गेली आणि फायलींची राख झाली. राज्याचा कारभार जिथून चालतो तिथे हे होतं, तर पेठेतल्या कार्यालयात व्हरांड्यात कपाटावर कपाट रचलेलं पाहून अंगावर काटा यायला हवा. पण ती कपाटं इतकी वर्षं तिथे असतात की ती दिसेनाशीच होतात. वाटेतली कपाटं दोन गुन्हे करतात: वाट अरुंद करतात आणि वाटेलाच सरपण पुरवतात.

कागदाचा तिसरा गुन्हा कुणाच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे वजन. कार्यालयाच्या मजल्याचं आरेखन साधारण चौरस मीटरला २५० किलो भार धरून करतात. रेकॉर्ड रूमसाठी सुमारे दुप्पट, ५०० किलो धरतात. गच्च रचलेल्या कागदाचं वजन घनमीटरला ७०० किलोच्या आसपास भरतं. दोन मीटर उंचीपर्यंत गठ्ठे रचले तर चौरस मीटरवर १,४०० किलो. मधे फटी, चालायची जागा धरून निम्मं केलं तरी ७००. आणि हे गठ्ठे ठेवतात कुठे, तर वरच्या मजल्यावरच्या कुणाला नको असलेल्या खोलीत, जिथे छत गळतं म्हणून माणूस बसत नाही. जुनं दफ्तर तळमजल्यावर आणणं, जे नष्ट करायच्या मुदतीत आलं आहे ते नियमाने नष्ट करणं आणि उरलेलं स्कॅन करणं, या कंटाळवाण्या कामाने इमारत जितकी सुरक्षित होते तितकी नव्या कॅमेऱ्यांनी होत नाही.

इमारतीच्या ताकदीचा विषय निघालाच आहे तर: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी लागते. सोलापूरच्या काळ्या मातीची एक खोड आहे, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंतींना तिरप्या भेगा पडतात. स्लॅबमधली सळई गंजते तेव्हा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. शाळेच्या वर्गात छताचे पोपडे पडतात ते यामुळे. त्यावर नुसता गिलावा करून रंग दिला की पोपडे दिसायचे थांबतात, गंज थांबत नाही. तपासणीत हातोडीसारख्या उपकरणाने काँक्रीटचा कठीणपणा बघतात, ध्वनिलहरी सोडून आतल्या भेगा शोधतात, लहानसा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा धक्का सोलापूरकरांनीही अनुभवला, त्यामुळे भूकंप ही लांबची गोष्ट आहे असं या शहराने म्हणू नये.

वारसा इमारतींचं थोडं वेगळं. अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं, शंभरी ओलांडलेलं इंद्रभुवन हे सोलापूर महापालिकेचं घर. अशा वास्तूच्या भिंती फोडून नवा जिना घालता येत नाही, घालूही नये. तिथे उलटा विचार करतात: माणसांची गर्दी आणि कागदांचा भार इमारतीबाहेर न्यायचा, खिडक्यांवर होणारं लोकांचं काम शेजारच्या नव्या इमारतीत हलवायचं, एका वेळी वर किती माणसं जाऊ शकतात याला मर्यादा घालायची आणि धूर ओळखणारी बिनतारी यंत्रं बसवायची. जुन्या वास्तूतल्या लाकडाला खरा आधार लवकर वाजणाऱ्या घंटेचा.

पाण्याचा एक बारकावा खास आपल्या शहरासाठी. मोठ्या इमारतीत आगीसाठी पाण्याची राखीव टाकी असते. जिथे रोज पाणी येत नाही, तिथे ही राखीव टाकी कोरडी पडायला कितीसा वेळ लागतो? संडासात पाणी नाही म्हटल्यावर कुणीतरी वॉल्व्ह फिरवतोच, त्याला दोष तरी कसा द्यावा. यावर इंजिनिअर लोकांनी सोपी युक्ती काढली आहे. नळाचं पाणी आधी आगीच्या टाकीत सोडायचं आणि ती भरून वाहिली की वरचं पाणी वापराच्या टाकीत जाऊ द्यायचं. राखीव साठा कुणालाच वापरता येत नाही, आणि खालचं पाणी हलतं राहून सडतही नाही. नवी इमारत बांधताना नकाशात हे एवढंच बघा, पुढची वीस वर्षं शिपायाच्या सचोटीवर अवलंबून राहावं लागणार नाही.

भिंतीवरचा लाल सिलिंडर सगळ्यांना माहीत, चालवता थोड्यांनाच येतो. पिन ओढायची, नळी ज्वाळांच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा, डावीकडून उजवीकडे फिरवायचं. तो वीस सेकंदांच्या आतबाहेर रिकामा होतो, त्यामुळे कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल तरच हात घालायचा, आणि तोही दार पाठीमागे ठेवून. मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे महिन्यातून एकदा पाहायला इंजिनिअर लागत नाही.

दवाखान्यात वरचं बरंचसं उलटं होतं, कारण रुग्ण पळू शकत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. बाळांना, बाळंतिणींना, सलाइन लावलेल्यांना जिन्याने उतरवायला वेळ नसतो. म्हणून प्रसूतिगृहाचा मजला आग अडवणाऱ्या भिंती आणि दारांनी विभागतात. एका भागात आग लागली की खाट ढकलत त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या भागात न्यायचं, दार मिटायचं. खाली उतरवायचं ते नंतर, शांतपणे. ही दारं 'येण्याजाण्याला अडचण होते' म्हणून विटेने उघडी रोखून धरलेली असतील तर ती असून नसल्यासारखी. शिवाय रात्रपाळीच्या परिचारिकेला ऑक्सिजनचा वॉल्व्ह कुठे आहे आणि तो कुणाच्या सांगण्याने बंद करायचा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

शाळांत वर्षातून दोनदा कवायत पुरे: घंटा, ओळ, मैदान, हजेरी. बाईंनी हजेरीपट घेऊन बाहेर पडायचं, नाहीतर आत कोण राहिलं हे कळत नाही. आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या आहेत. त्यामुळे पाट्यांवर शब्दांपेक्षा चित्र बरं, पळणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र, अंधारात चमकणारं. ते पहिलीतल्या पोरालाही कळतं.

कॅमेरे आणि पहारेकऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांच्यावर खर्च करायला कुणी मागेपुढे बघत नाही. कॅमेरा घटना टिपतो, थांबवत नाही. आणि कुणी न बघणारा, हार्ड डिस्क भरलेला कॅमेरा टिपतही नाही. त्यापेक्षा इमारतीचे तीन पट्टे पाडणं जास्त कामाचं. जिथे कुणीही यावं अशा खिडक्या, जिथे नाव लिहून जावं अशी कार्यालयं, आणि जिथे ठरावीक माणसांखेरीज कुणी जाऊ नये अशी रोकड, दफ्तर व सर्व्हरची खोली. कडक बंदोबस्त फक्त तिसऱ्या पट्ट्याला. स्वच्छतागृहाच्या वाटेवरचा दिवा चालू आहे का, हे मात्र महिलांच्या दृष्टीने कुठल्याही कॅमेऱ्याआधी बघावं.

हे सगळं तपासायचं कुणी? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा वापरणाऱ्याची. यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. खासगी रुग्णालयाने ते दिलं नाही तर महापालिकेचं अग्निशमन दल नोटीस काढतं. पण इमारत महापालिकेचीच असेल तर मालकही महापालिका आणि तपासणारंही तिचंच दल. अग्निशमन अधिकाऱ्याने आपल्याच आयुक्तांच्या इमारतीला नोटीस द्यायची, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. मला तर सगळ्या विषयाची खरी गाठ इथेच वाटते. ती सुटायची तर तपासणी बाहेरच्या संस्थेकडून, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून व्हावी, आणि प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर लावावं, हॉटेलवाला परवाना लावतो तसं.

सोलापूर आगीला अनोळखी नाही. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला पहाटे लागलेल्या आगीत आठ माणसं गेली. त्यात कारखान्यातच राहणारं कुटुंब होतं. तो कारखाना खासगी होता. कारखानदारांना नियम दाखवणाऱ्या महापालिकेने आधी आपल्या शाळा-दवाखान्यांचे कागद दाखवावेत, असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे, आणि त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. एकाच इमारतीचं नाव घाला, सगळ्या शहराची माहिती मागू नका, नाहीतर 'माहिती संकलित स्वरूपात नाही' असं उत्तर येईल. तीन कागद मागा: शेवटचे दोन फॉर्म बी, ३० वर्षं झाली असतील तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, आणि शेवटच्या आग-कवायतीची तारीख. अर्जाच्या शेवटी 'प्रत्यक्ष पाहणीची परवानगी द्यावी' हे वाक्य जोडा. कायद्यात कागदपत्रांची आणि कामाची पाहणी करायचा अधिकार आहे. पाहणीला गेलात की आधी मागचं दार उघडून दाखवायला सांगा, आणि किल्ली यायला किती मिनिटं लागली ते घड्याळात बघून लिहून ठेवा. तो आकडा पुढच्या अर्जाला जोडता येतो.